अंगठा वर की खाली, एवढ्यावर गेम कळत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत पीसी गेम्सवर लेख आला होता तो वाचला, खरं तर दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा नुसताच वैताग आला. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं की आजकालचे गेमर रडके झालेत, एवढे मोठमोठे गेम येतायत, दिसायला सिनेमासारखे आहेत, आणि हे लोक दोन तास खेळून खाली अंगठा दाखवतात आणि मोकळे होतात. शेजारी चौकटीत पाच गेमची नावं आणि प्रत्येकासमोर टक्के, अगदी शाळेच्या निकालासारखे. त्या चौकटीमुळेच हे पत्र लिहितेय. पत्र लांबलंय हे मला माहितीये, कापायचं असेल तर कापा, फक्त वायरचा किस्सा ठेवा.

आधी माझ्याबद्दल एवढंच, की मी चाळिशी ओलांडलेली बाई आहे आणि पीसीवर गेम खेळते. हे सांगितलं की समोरच्याला वाटतं मी फोनवर रंगीत गोळ्या जुळवत बसते. नाही हो. तलवारी, बंदुका, शेती, भुतं, सगळं खेळते, आणि खेळण्याइतकाच वेळ इतरांचे रिव्ह्यू वाचण्यात घालवते, कारण कधीकधी ते गेमपेक्षा भारी असतात.

तर ते टक्के. स्टीम म्हणजे पीसी गेम विकणारं ऑनलाइन दुकान, तिथे खेळणाऱ्यांनी स्वतः रिव्ह्यू लिहायची सोय 2013 च्या शेवटी आली. तिथे मार्क द्यायचेच नसतात. प्रश्न एकच, हा गेम दुसऱ्याला सुचवाल का, हो किंवा नाही, अंगठा वर नाहीतर खाली, मधलं काही नाही. मग शंभरातले किती जण हो म्हणाले तो आकडा दिसतो. 70 च्या खाली आला की 'मिक्स्ड', 40 च्या खाली 'मोस्टली नेगेटिव्ह', आणि भरपूर रिव्ह्यू असून 95 च्या वर गेला तर त्याला लांबलचक नाव आहे, 'ओव्हरव्हेल्मिंगली पॉझिटिव्ह'. आता बघा, एखादा छोटा, गोड, कुणालाच न खुपणारा गेम 97 घेऊन बसतो, कारण 97 जणांना तो 'बरा आहे, घ्या' वाटला. त्यातल्या एकालाही तो महिन्याभराने आठवत नसला तरी आकडा 97 च. आणि दुसरा गेम असा, की निम्मे लोक त्याच्यावर जीव टाकतायत आणि निम्म्यांना तो डोळ्यासमोर नकोय, तो 50 वर अडकतो. तुमच्या चौकटीत पहिला पास, दुसरा काठावर. मला विचाराल तर मी दुसराच आधी उघडून बघेन.

आता माझीच फजिती सांगते. मागे मी नवीन ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरची चित्रं तयार करणारा पीसीतला भाग, घेतलं, हौसेने स्वतः बसवलं, आणि एक मोठा गेम लावला, नाव नाही सांगत कारण त्या बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. गेम चालेना. म्हणजे चालत होता पण कसा, तर एक चित्र, थांबा, दुसरं चित्र, थांबा. सगळ्या सेटिंग खाली आणल्या, सावल्या बंद, गवत बंद, तरी तेच. तीन तास हे असं करून रात्री मी रिव्ह्यू ठोकून दिला, की एवढं महागाचं कार्ड असून गेम सरकत नाही, ऑप्टिमायझेशन शून्य, लोकांना मूर्ख समजतात वगैरे वगैरे. उचलली जीभ लावली टाळ्याला. दुसऱ्या दिवशी खाली कुणीतरी विचारलं होतं, तुझा मॉनिटर कुठे लावलाय? मी रागातच लिहिलं, टेबलावर. त्याने शांतपणे परत लिहिलं की मॉनिटर नाही, त्याची वायर, ती मागे कशात खोचलीये ते बघ.

मी मोबाइलचा टॉर्च घेऊन टेबलाखाली घुसले. वायर मदरबोर्डच्या, म्हणजे पीसीच्या मुख्य पट्टीच्या, भोकात होती. त्याच्या खाली नवीन कार्डाची चार भोकं, आणि चारहींवर कंपनीने लावलेली प्लास्टिकची टोपणं जशीच्या तशी! म्हणजे ते कार्ड नुसतंच आत बसून पंखा फिरवत होतं आणि सगळा भार प्रोसेसरमधल्या बारक्या ग्राफिक्सवर. टोपण काढलं, वायर बदलली, गेम पाण्यासारखा वाहायला लागला. रिव्ह्यू मी डिलीट नाही केला, बदलला, आणि वर लिहिलं की चूक माझी होती. पण गंमत पुढे आहे, तोवर अकरा जणांनी माझ्या त्या आधीच्या चुकीच्या रिव्ह्यूला 'उपयुक्त' म्हणून बटण दाबलेलं होतं. अकरा जण! त्यांनी कदाचित तो गेम घेतलाच नसेल.

त्यामुळे खेळणाऱ्यांचं सगळं खरंच असतं असं मी म्हणतच नाहीये. पण तुमच्या लेखकासारखं 'रडके' म्हणून सोडून देणंही बरोबर नाही, कारण पीसीवर 'माझ्याकडे चालत नाही' ही तक्रार बऱ्याचदा शंभर टक्के खरी असते आणि त्यामागे कारणही असतं. कन्सोल म्हणजे प्लेस्टेशनसारखं टीव्हीला लावायचं यंत्र, सगळ्यांच्या घरी तेच एक मशीन. पीसीचं तसं नाही, कुणाचं कार्ड या कंपनीचं, कुणाचं त्या, कुणाचं सहा वर्षं जुनं. गेममध्ये प्रकाश, धूर, पाण्यावरची चमक काढायला शेडर नावाचे छोटे छोटे प्रोग्रॅम असतात, ते कन्सोलसाठी कंपनी आधीच तयार करून देऊ शकते, पीसीवर मात्र ते तुमच्या कार्डाप्रमाणे तुमच्याच मशीनवर तयार करावे लागतात. हे काम आधी केलं नाही तर ते नेमकं खेळताना होतं. तुम्ही दार उघडता, आत पहिल्यांदाच आग दिसते, आणि गेम टक्कन अडकतो. परत त्याच दारातून गेलात तर काही होत नाही, कारण शेडर आता तयार झालेला असतो. म्हणून मग ज्याला त्रास झाला तो दुसऱ्याला दाखवायला जातो आणि खोटा पडतो.

यात आणखी एक मेख आहे. पडद्यावर सेकंदाला 60 चित्रं, म्हणजे फ्रेम, येत असतील तर एका फ्रेमला साधारण 16.67 मिलिसेकंद मिळतात. त्यातली एखादीच फ्रेम 100 मिलिसेकंदांची झाली तर सरासरी फारशी हलत नाही, 55 च्या वरच राहते, कागदावर सगळं छान. पण डोळ्याला तो गचका कळतोच, आणि नेमका बॉसने, म्हणजे गेममधल्या मोठ्या शत्रूने, हात उगारलेला असताना आला तर तुम्ही मेलात. त्यामुळे कुणी 'मला 58 एफपीएस (सेकंदाला 58 फ्रेम) मिळतायत तरी मजा येत नाही' असं लिहिलं तर हसू नका, बरोबर बोलतोय तो.

आणि कंपन्यांनी याबाबतीत माती खाल्ल्याचे दाखले काही थोडे नाहीत. 2015 च्या जूनमध्ये बॅटमॅनचा अर्खम नाइट आला, त्याची पीसीवरची अवस्था इतकी वाईट की थोड्याच दिवसांत विक्री थांबवावी लागली आणि ऑक्टोबरमध्ये परत सुरू झाली. 2023 च्या मार्चमध्ये द लास्ट ऑफ अस पार्ट वन पीसीवर आला, तो सुरू केल्यावर शेडर तयार होईपर्यंतच इतका वेळ जायचा की लोक ताटकळत बसले. आणि इथेच ती दोन तासांची गोष्ट येते जी तुमच्या लेखकाने टोमणा म्हणून लिहिलीये. 2015 पासून स्टीमचा नियम आहे, घेतल्यापासून 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर गेम परत करता येतो. शेडर तयार होताना गेम चालूच असतो, म्हणजे घड्याळही चालू. मग माणूस दोन तासांच्या आत मत बनवणार नाही तर काय करणार. माझा तर संशय आहे की काही गेमचा पहिला तास मुद्दाम घासूनपुसून ठेवलेला असतो आणि तिसऱ्या तासापासून खरं रूप दिसतं, पण ते असो.

मशीनचं राहू दे. खेळणाऱ्यांच्या मतांमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. ती अशी की लोक गेमचा दोष म्हणून जे लिहितात आणि गुण म्हणून जे लिहितात, ती पुष्कळदा एकच गोष्ट असते.

रेड डेड रिडेम्प्शन 2 घ्या. पीसीवर 2019 च्या नोव्हेंबरमध्ये आला, डिस्कवर 150 जीबी जागा मागतो. त्यातला नायक आर्थर कुठल्याही घरात शिरून कपाट उघडतो तेव्हा तो खरंच खण ओढतो, डबा हातात घेतो, मग पिशवीत टाकतो. शिकार केली तर कातडं सोलायला वाकतो आणि ते सगळं तुम्हाला बघावं लागतं. माझा भाचा पहिल्या दिवशी ओरडला, मावशी हा माणूस एक डबा उचलायला एवढा वेळ का लावतो, आणि गेम बंद करून गेला. मला नेमकं तेच आवडलं. घोड्यावरून सावकाश जाताना, पाऊस, चिखल, मागून कुणीतरी गाणं म्हणतंय, मला कुठे पोचायचंच नव्हतं. आता या गेमचा वेग हा गुण की दोष? आम्ही दोघं एकाच मशीनवर, एकाच खुर्चीत बसून खेळलो.

स्टारड्यू व्हॅलीत मासेमारी आहे. तो गेम एकट्या माणसाने बनवला, 2016 ला आला, आणि त्याने आठ वर्षांनी 2024 मध्ये 1.6 चं अपडेट दिलं तेही फुकट. सगळे म्हणतात मन शांत करणारा गेम. आणि मग तुम्ही गळ टाकता. एक उभी पट्टी येते, त्यात हिरवा पट्टा, बटण दाबलं की वर जातो, सोडलं की खाली पडतो, आणि मासा वेड्यासारखा वरखाली पळतो, पट्टा त्याच्यावर धरून ठेवायचा. सुरुवातीला पट्टा एवढासा असतो. मी पहिल्या दिवशी सहा वेळा गळ टाकला, एक मासा नाही, वरून दोनदा कचराच लागला. शांती कसली, माझे दात आवळले गेले होते. नवीन माणसांचं रडगाणं इथलंच. पण तेच लोक पन्नास तासांनी लिहितात की अवघड मासा पहिल्यांदा हाताला लागला तेव्हा खुर्चीतून उठले. पहिल्या दिवशी तो सहज लागला असता तर कोण उठलं असतं.

बाल्डर्स गेट 3 मध्ये तर बोलतानाही वीस बाजूंचा फासा टाकावा लागतो. पहारेकऱ्याला गोड बोलून पटवायचंय, फासा पडला 1, संपलं, पहारेकरी चिडला, तलवारी बाहेर. मी किती वेळा एफ8 दाबून मागचा सेव्ह, म्हणजे आधी साठवून ठेवलेला खेळ, उघडलाय ते सांगत नाही. काही जण लिहितात की नशिबावर सोडणं हा अन्याय आहे. काही लिहितात की हरल्यावर जी गोष्ट घडली ती जिंकल्यावर घडली असती त्यापेक्षा मजेशीर होती, एफ8 दाबू नका. मी दुसऱ्यांचं पटवून घ्यायचा प्रयत्न करतेय, अजून बोट जातंच त्या बटणाकडे. पण याच गेमच्या तिसऱ्या भागातल्या शहरात सुरुवातीला भल्याभल्या मशीनचा दम निघायचा. तो दोषच, तिथे आवडीनिवडीचा काही संबंध नाही.

हा फरक कळला पाहिजे आणि टक्क्यात तो कळत नाही. 2024 च्या जूनमध्ये एल्डन रिंग या गेमचं शॅडो ऑफ द एर्डट्री नावाचं जोडप्रकरण आलं तेव्हा सुरुवातीला त्यावर 'मिक्स्ड' लागलं होतं. उघडून वाचलं तर दोन वेगळे घोळके. एक म्हणतोय फारच अवघड केलंय, दोन फटक्यात मरतो. दुसरा म्हणतोय अवघड असू दे हो पण गचके किती खातंय. दोघांचा अंगठा खालीच, म्हणून एकाच खात्यात जमा. कंपनीने काही दिवसांतच पॅच, म्हणजे दुरुस्तीचं छोटं अपडेट, देऊन सुरुवातीच्या टप्प्यात खेळाडूची ताकद थोडी जास्त वाढेल असं केलं, म्हणजे पहिल्या घोळक्याचं ऐकलं. आता ज्यांना अवघड म्हणूनच आवडत होतं ते नाराज झाले, त्यांचं वेगळंच.

बग सुद्धा सगळे सारखे नसतात बरं का. सेव्ह फाइल खराब होणं याला माफी नाही. पण स्कायरिममध्ये राक्षसाने सोटा मारला की माणूस आकाशात ढगापर्यंत उडतो, आणि विचर 3 मधली घोडी शिट्टी मारली की कधीकधी छपरावर उभी असते, हे कुणी दुरुस्त केलं तर मीच नेगेटिव्ह रिव्ह्यू लिहीन. मॉडबद्दल, म्हणजे खेळणाऱ्यांनीच गेममध्ये केलेल्या बदलांबद्दल, पण एक ओळ लिहिते, नाहीतर पीसीवाले मला सोडणार नाहीत. पीसीचा मोठा गुण तोच आहे, काउंटर स्ट्राइक सुद्धा मुळात हाफ लाइफवर हौशी लोकांनी केलेला मॉड होता. पण याच गुणाच्या आडून कंपन्या आळशी होतात, मेनू धड नाही, अक्षरं मुंगीएवढी, आणि लोकच म्हणतात मॉड आहे की, टाक. अहो, पैसे मॉडवाल्याला दिले होते का?

पुढचं, तास. प्रत्येक रिव्ह्यूवर तो माणूस किती तास खेळलाय ते लिहिलेलं असतं आणि मी आधी तेच वाचते. 1,400 तास खेळून 'घेऊ नका' असं लिहिणारे भरपूर असतात, त्यांची चेष्टाही भरपूर होते, की बाबा एवढा वाईट होता तर काय करत होतास तिथे. मलाही हसू यायचं. पण एकदा असा एक रिव्ह्यू नीट वाचला. त्याने लिहिलं होतं की पहिले हजार तास छान होते, मग प्रत्येक अपडेटला रोज लॉगिन केलं तरच मिळणाऱ्या वस्तू यायला लागल्या, आता मी खेळत नाही, हजेरी लावतो. हे दहा तास खेळलेला माणूस लिहूच शकत नाही. उलट पहिल्या अर्ध्या तासात काय खटकतं, मेनू कुठे सापडत नाही, शिकवणी किती कंटाळवाणी आहे, हे 1,400 तासवाला विसरून गेलेला असतो. दोघंही हवेत, फक्त कोण बोलतंय ते माहीत हवं.

तशीच तारीख. सायबरपंक 2077 डिसेंबर 2020 ला आला, प्लेस्टेशनच्या दुकानातून तर आठवड्याभरात काढूनच टाकला होता, आणि सप्टेंबर 2023 मध्ये 2.0 चं अपडेट आलं तोपर्यंत तो जवळजवळ वेगळाच गेम झाला होता. नो मॅन्स स्काय ऑगस्ट 2016 ला आला तेव्हा लोकांनी अक्षरशः फाडला, 2018 मध्ये त्यात धड मल्टिप्लेअर, म्हणजे इतरांबरोबर खेळायची सोय, आलं, आणि एकूण रिव्ह्यू 80 टक्क्यांपर्यंत चढायला 2024 चा शेवट उजाडला. तुमच्या लेखकाने जुना आकडा छापला की नवा, तेही लिहिलेलं नाही. नंतर सुधारला म्हणून आधीच्यांचे पैसे वाया गेले नाहीत असं काही नसतं, पण आज घेणाऱ्याला आजचं सांगा.

आणि ते एकगठ्ठा खाली अंगठे, ज्याला लेखात 'झुंडशाही' म्हटलंय. कधीकधी असते ती, मान्य, गेमशी संबंध नसलेल्या भांडणावरून लोक रिव्ह्यू पाडतात. पण हेलडायव्हर्स 2 चं काय झालं ते बघा. फेब्रुवारी 2024 ला गेम आला, लोक आनंदाने खेळत होते. मे महिन्यात कंपनीने अचानक जाहीर केलं की पीसीवाल्यांना प्लेस्टेशन नेटवर्कचं खातं जोडावंच लागेल. ते खातं ज्या देशांत उघडताच येत नाही तिथेही गेम विकलेला होता. दोन लाखांवर नेगेटिव्ह रिव्ह्यू पडले, आणि तीनेक दिवसांत निर्णय मागे. विकत घेतलेल्या वस्तूच्या अटी मागाहून बदलल्या तर माणूस कुठे बोलणार, त्याच्या हातात तो एकच अंगठा आहे. द क्रू नावाच्या रेसिंग गेमचे सर्व्हर 31 मार्च 2024 ला बंद झाले आणि 2014 पासून लोकांकडे असलेला गेम एकट्याने खेळण्यापुरताही उरला नाही. हा दोष कुठल्याच जुन्या रिव्ह्यूत सापडणार नाही, कारण खेळताना तो नव्हताच.

तेव्हा माझी विनंती एवढीच की पुरवणीत गेमसाठी जागा ठेवाच, सिनेमाला आहे, पुस्तकांना आहे, याला का नको. पण ती चौकट काढा. त्याऐवजी दोन-तीन खेळणाऱ्यांना लिहू द्या, एकाला आवडलेला आणि एकाला न आवडलेला तोच गेम, शेजारी शेजारी. आणि प्रत्येकाच्या नावाखाली छापा की किती तास खेळलाय, कुठल्या मशीनवर, आणि कुठल्या महिन्यात. भाचा तयार आहे, रेड डेडवर लिहितो म्हणतोय, त्याचे तास पावणेदोन. माझेही घेणार असाल तर पाठवते.

कळावे,
तुमची एक जुनी वाचक,
कार्ड दोन वर्षांचं, वायर योग्य भोकात, रेड डेडचे तास 312, आणि अजून गोष्ट संपलेली नाही, शेवट सांगू नका.